प्रकल्प नोंदी: कूपरेजवर पाहिलेला हबीब

१६ ऑगस्ट २०२३, बुधवार

फुटबॉलपटू मोहम्मद हबीब काल हैदराबादमध्ये वारला. वय ७४. संध्याकाळी बातमी आली आणि आमच्या चाळीतल्या जुन्या फुटबॉलवाल्यांचे फोन रात्री उशिरापर्यंत खणखणत राहिले. आज जिथे पाहावं तिथे एकच ओळ फिरतेय: पेलेच्या संघाविरुद्ध गोल मारणारा. ओळ खरी आहे. २४ सप्टेंबर १९७७ ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर तिथल्याच मोहन बागान क्लबने पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसला २-२ असं रोखलं. त्यातला एक गोल श्याम थापाचा, एक हबीबचा. पण काल रात्री आमच्या लालबागेत ज्यांचा डोळा लागला नाही, त्यांनी तो सामना पाहिलेला नाही. त्यांनी हबीबला मुंबईत कूपरेज मैदानावर पाहिलं, रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेत, आज या संघातून तर उद्या त्या संघातून, वर्षानुवर्षं. तो हबीब मला कुठे लिहिलेला सापडला नाही.

मंडळाच्या मंडपातले माहितीफलक दरवर्षी मी करते. यंदा गडकिल्ले ठरले होते. आज दुपारी अध्यक्षांना फोन करून विषय बदलून मागितला. ते म्हणाले, गणपतीत फुटबॉलचं कोण वाचणार? मी म्हटलं, वाचणारे सोडा, सांगणारे अजून आपल्यात आहेत, पुढच्या गणपतीत किती असतील कुणास ठाऊक. थोडा वेळ ते गप्प राहिले. रात्री होकार आला. किल्ले पुढच्या वर्षी.

स्थापना १९ सप्टेंबरला. त्याआधी माणसं गाठायची, बोलतं करायचं, उतरवून घ्यायचं, फलक लावायचे.

२० ऑगस्ट, रविवार

कामाची वाटणी झाली. रेकॉर्डिंग मामेभाऊ करणार. चित्रं तिसऱ्या मजल्यावरची, जे.जे.त शिकणारी मुलगी काढणार. वर्तमानपत्रांतले जुने फोटो परवानगीशिवाय लावायचे नाहीत हे मी आधीच सांगून टाकलं, म्हणून सगळी मदार चित्रांवर. लिखाण आणि छपाई माझ्याकडे.

एक नियम केला, तो इथे लिहून ठेवते. फलकावरची प्रत्येक ओळ तीनपैकी एका रंगात छापायची. पुस्तकात किंवा अधिकृत नोंदीत पक्की सापडली तर काळा रंग. सांगणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर निळा. दुसऱ्याकडून ऐकलं असेल तर तपकिरी. माणूस गेला की त्याच्याभोवती गोष्टी जमतात, आणि प्रेमाने जमलेल्या गोष्टींना कुणी हटकत नाही. हबीबसारख्याला वाढवून सांगायची गरजच नाही. जे होतं ते पुरेसं आहे.

पहिला फलक रोव्हर्स कपाचा, कारण त्याशिवाय पोरांना पुढचं काही कळणार नाही. स्पर्धा १८९१ ची. सुरुवातीची वर्षं गोऱ्या पलटणींची. भारतीय संघाने ती पहिल्यांदा जिंकली १९३७ ला, बंगलोर मुस्लिम्सने. मग १९५० ते १९५४ सलग पाच वेळा हैदराबाद सिटी पोलिसांनी, सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली. शेवटची स्पर्धा २०००-०१ च्या हंगामात झाली. म्हणजे आमच्या मंडळातल्या आरती म्हणणाऱ्या निम्म्या पोरांनी हा कप पाहिलेलाच नाही. कूपरेज त्यांना माहीत आहे ते मंत्रालयाकडे जाताना बसमधून दिसणारं मैदान म्हणून.

२६ ऑगस्ट, शनिवार

पहिलं रेकॉर्डिंग. आमच्याच चाळीतले काका, गिरणीत साचेखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, पण चेंडूचा विषय निघाला की बरोबर ऐकू येतं.

पहिली पाळी असली की त्यांचं ठरलेलं असे. पाळी सुटली की घरी यायचं नाही, डबा हातातच, करी रोडहून गाडी पकडून व्ही.टी., तिथून फोर्टातून पायी ओव्हलच्या कडेकडेने कूपरेज. खेळ सुरू झालेला असायचा. काका सांगतात, गॅलरीत शिरायच्या आधी बाहेरच आवाजावरून कळायचं कोण खेळतंय. कलकत्त्याची टीम असली की आवाज वेगळा, कारण मुंबईतले बंगाली यायचे, आणि हैदराबादकडची पोरं त्या टीममध्ये असायची म्हणून नागपाडा, भेंडीबाजारातली माणसंही यायची. आमची गिरणीवाली मंडळी मफतलाल किंवा टाटांच्या संघाच्या बाजूने. ‘पण हबीबला आम्ही शिव्या नाही दिल्या कधी,’ काका म्हणाले. का नाही, विचारलं. उत्तर द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला.

मग त्यांनी समोरचा चहाचा स्टीलचा पेला उचलला आणि जमिनीवर ठेवला. हा चेंडू. डावीकडे चप्पल ठेवली, हा बॅक, म्हणजे अडवणारा बचावपटू. स्वतः खाटेवरून उठले, भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले आणि पाय न उचलता नुसता खांदा पुढे घालून दाखवला. हबीब अंगाने लहान. समोरचा बॅक दांडगा. धक्का बसायच्या आधीच हा खांदा असा आत घालायचा, त्यामुळे धक्का मारणाऱ्यालाच लागायचा. पडला तरी हात टेकवून उठायचा तोवर पुन्हा चेंडूवर. काका म्हणाले, आम्ही बारा साचे सांभाळून, उभं राहून राहून पाय सुजवून तिथे जायचो, आणि तो माणूस शेवटच्या पाच मिनिटांतही धावत असायचा. अशा माणसाला कशी शिवी देणार?

चित्रकार मुलीने त्या खांद्याचं तिथल्या तिथे कोळशाने रेखाटन केलं. पहिलं चित्र तेच ठरलं. चेहरा नाहीच त्यात, नुसता कलता खांदा.

२७ ऑगस्ट, रविवार

कालचं रेकॉर्डिंग उतरवून काढलं. ‘साल कुठलं’ या प्रश्नावर काका सगळीकडे ‘संपाच्या आधी’ म्हणतात. त्यावरून काही लागत नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

सालाचा प्रश्न सुटला, आणि तो सोडवला रंगाने. माणसांना साल आठवत नाही, जर्सी आठवते. हबीब १९६६ ला हैदराबादहून कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडे गेला, जर्सी लाल-सोनेरी. दोन वर्षांनी मोहन बागान, हिरवी-मरून. १९७० ला परत ईस्ट बंगाल, १९७४ पर्यंत. १९७५ ला मोहमेडन स्पोर्टिंग, काळी-पांढरी. १९७६ पासून पुन्हा मोहन बागान. १९८० ला आणखी एकदा ईस्ट बंगाल, इराणच्या माजिद बिश्करबरोबर. हे सगळं एका पट्टीवर रंगवून घेतलं आणि रेकॉर्डिंगला जाताना तीच पुढे ठेवायला लागलो. बोट बरोबर रंगावर पडतं. मग पुढचा प्रश्न, बरोबर धाकटा भाऊ अकबर होता का? होता आणि जर्सी हिरवी-मरून, तर शहात्तरच्या पुढचं. गॅलरीत कप दोघांत वाटल्याची कुजबूज आठवतेय? मग १९७२, त्या वर्षी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान संयुक्त विजेते ठरले होते आणि हबीब लाल-सोनेरीत होता.

गिरणीवाल्या काकांना परत जाऊन पट्टी दाखवली. क्षणभरही न थांबता त्यांनी लाल-सोनेरीवर बोट ठेवलं. त्यांचा खांद्याचा प्रसंग १९७० ते १९७४ मधला. फलकावर एवढंच लिहायचं, याहून नेमकं नाही.

याच पट्टीमुळे एक भांडणही समोर आलं. परळच्या एका काकांना मोहन बागानचा एक गोल आठवतो, डाव्या बाजूने आलेल्या चेंडूला हबीबने नुसती दिशा दिली असं ते सांगतात. त्यांचेच शेजारी, तेव्हा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले, म्हणतात तो अकबर होता. दोघंही शपथेवर. अकबर काही कमी नव्हता. १९७६ च्या कलकत्ता लीगमध्ये त्याने ईस्ट बंगालविरुद्ध सामना सुरू झाल्यावर १७ व्या सेकंदाला गोल केला होता. तेव्हा दोन्ही गोष्टी शक्य आहेत. मी दोन्ही म्हणणी एकाखाली एक छापणार, निळ्यात. आपण निवाडा द्यायला बसलेलो नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

दहीहंडी. काम बंद. मामेभाऊ तिसऱ्या थरावर.

९ सप्टेंबर, शनिवार

आजची नोंद मोठी होणार, कारण आज प्रकल्पाचा मधला फलक बदलला.

गिरगावातले एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त. बँकेच्या संघातून हारवुड लीग, नाडकर्णी कप या मुंबईतल्या स्पर्धा खेळले, रोव्हर्स कपातही उतरले. राइट बॅक. हबीब त्यांच्यासमोर खेळला आहे. म्हणजे आतापर्यंत भेटलेले सगळे गॅलरीतले, हे पहिले मैदानातले. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने बूट काढून टेबलावर ठेवले. चामडं लाकडासारखं कडक झालेलं. तळाला चामड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून ठोकलेले स्टड, प्रत्येकात तीन बारीक खिळे. चकती झिजली की खिळा वर यायचा आणि तळव्यात शिरायचा. मग मध्यंतरात बूट उलटा करून दगडाने ठोकायचा आणि परत घालायचा. त्यांनी मला आत बोट घालून बघायला लावलं. अजून एक टोक लागतं.

हबीबबद्दल त्यांनी आधी स्वतःचीच गोष्ट सांगितली. सामन्याच्या सुरुवातीला हबीब त्यांना चकवून गेला. पुढच्या चेंडूला त्यांनी त्याला आडवा केला, मुद्दाम, शिट्टी झाली. प्रशिक्षकाने तसं सांगितलंच होतं की पहिल्यांदा लागलं की हा बाजू बदलेल. हबीब उठला, बुटाची नाडी बांधली. ना पंचाकडे हात केले, ना यांच्याकडे पाहिलं. आणि पुढचा चेंडू घेऊन परत यांच्याच अंगावर आला. त्याच्या पुढचाही. ‘मी आणखी दोनदा पाडला त्याला,’ ते म्हणाले, ‘आणि तिसऱ्या वेळी माझीच हिंमत संपली. पाडणाऱ्याची आधी संपते हे मला त्या दिवशी कळलं.’

मला वाटलं, फलकाला हवं ते मिळालं. पण त्यांना सांगायचं होतं ते पुढेच होतं.

बँकेने त्यांना खेळावर घेतलं. सकाळी मैदान, मग काउंटर. हंगामात लवकर सुटायची मुभा. मुंबईत सगळ्यांचं असंच होतं: टाटा, मफतलाल, महिंद्र, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका. फुटबॉलमुळे नोकरी लागायची, आणि नोकरीमुळे घर चालायचं. कलकत्त्यातही मोठमोठे खेळाडू कुठल्या ना कुठल्या ऑफिसात लागलेले असायचे. हबीबला नोकऱ्या चालून आल्या, त्या त्याने घेतल्या नाहीत. माझं काम फुटबॉल खेळणं, मी तेच करणार. राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली १९९६ ला. हबीब हे करत होता सत्तरच्या दशकात, जेव्हा ‘फुटबॉल हा माझा व्यवसाय’ असं म्हटलं तर मुलीकडचे उठून गेले असते.

‘आमचा पाय मोडला असता तरी एक तारखेला पगार होता,’ ते म्हणाले. ‘तुम्ही सगळे विचारताय तो किती लागूनही खेळायचा. आम्हीही लागून खेळलोय. पण त्याचा पाय मोडला असता तर मागे काही नव्हतं. तरी तो माझ्या अंगावर येत होता. हे गॅलरीतून दिसत नाही.’

आणि निघताना म्हणाले, यापुढे लोकांना त्याचे गोल विचारू नका. गोल सगळे सांगतात आणि सगळे चुकीचे सांगतात. चेंडू गेल्यावर तो काय करायचा ते विचारा.

आतापर्यंत मधला मोठा फलक कॉसमॉसच्या सामन्याचा होता, मजकूर तयार होता. आता मधोमध हा फलक येणार: बूट, खिळा आणि न घेतलेली नोकरी. कॉसमॉस बाजूला. मामेभावाला पटत नाहीये. लोक पेलेचं नाव पाहून थांबतील, नोकरीचं नाव पाहून कोण थांबणार, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, लालबागमध्ये नोकरी या शब्दाला थांबणारी माणसं भरपूर आहेत.

१३ सप्टेंबर, बुधवार

मजकूर पक्का करताना शेवटच्या फलकावर अडलो. हबीबला पार्किन्सन्स होता आणि शेवटी स्मृतीही गेली होती. हे छापायचं का? एक कार्यकर्ता म्हणाला, बाप्पाच्या मंडपात आजारपण कशाला, त्याला धावतानाच राहू दे. दुसरा म्हणाला, मग आपण गडकिल्लेच केले असते.

मी एक ओळ ठेवली, काळ्या रंगात, विशेषणाशिवाय. ज्यांच्याकडे आम्ही रेकॉर्डिंगला जातो त्यांच्यापैकी काहींच्या घरात हेच चाललंय. एका घरी मुलीने आम्हाला दारातच सांगितलं होतं की बाबा आज चांगले आहेत, आजच विचारा, उद्याचं सांगता येत नाही. त्या घरातली माणसं फलक वाचायला येणार आहेत. त्यांच्यापासून लपवण्यासारखं यात काय आहे?

बाकीचा मजकूर भराभर झाला. १९७० चं बँकॉक एशियाड, कांस्यपदक, तिसऱ्या जागेच्या लढतीत जपानवर १-०, कर्णधार सय्यद नईमुद्दीन, हबीबच्याच गावचा. संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, बंगालकडून एका स्पर्धेत ११ गोल. १९८० चा अर्जुन पुरस्कार. नंतर टाटा फुटबॉल अकादमीत प्रशिक्षक. यातलं काहीच वादाचं नाही, सगळं काळं.

१७ सप्टेंबर, रविवार

सनबोर्डवर छपाई झाली. तपकिरी रंग प्रेसमध्ये लालसर आला, परत काढून घेतला, नाहीतर ऐकीव गोष्टीच सगळ्यात आधी नजरेत भरल्या असत्या. मखराच्या उजव्या हाताला, दर्शनाच्या रांगेच्या बाजूने फलक लावले. रांग सरकते त्या गतीने एक फलक वाचून होतो का, हे चालून पाहिलं. मधल्यापाशी रांग वळते आणि थोडी थांबते, तिथे बूट आला हे उत्तम झालं. बँकवाल्या काकांनी खरे बूटच आणून दिले, काचेच्या पेटीत ठेवलेत. तळ वर करून, खिळे दिसतील असे.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

स्थापनेपासून लिहायला सवड मिळाली नाही. आज एकदम.

लोक थांबतात. पोरं बुटाशी, मोठी माणसं रंगपट्टीशी. पट्टीखाली एक वही ठेवली आहे, त्यात लिहिलेल्यापैकी बरंचसं ‘छान उपक्रम’ आहे, पण मधूनच सोनं सापडतं. एका बाईंनी लिहिलंय की त्यांचे वडील सामन्याहून आले की काही बोलायचे नाहीत, जेवताना मधेच ‘हबीब’ एवढंच म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे. त्यांचा नंबर मिळवलाय.

हांगझोचं एशियाड चालू झालंय आणि आपला फुटबॉल संघ तिथे आहे. चीनने १-५ ने धुतलं, काल बांगलादेशवर १-० ने निभावलं. त्यामुळे १९७० चा फलक अचानक वाचला जातोय. एशियाडमधलं फुटबॉलचं आपलं शेवटचं पदक तेच, हे बहुतेकांना इथेच कळलं. एका मुलाने मला विचारलं, ५३ वर्षं? चूक छापलंय का? चूक नाही छापलेली.

आज एक डॉक्टर आले होते, मनापासून वाचलं. त्यांचा आग्रह होता की आजाराच्या ओळीखाली डोक्याने चेंडू मारण्याचा धोका लिहावा. स्कॉटलंडमध्ये माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास झाला, ग्लासगो विद्यापीठाचा, २०१९ चा. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी त्यांच्यात झालेले मृत्यू इतरांच्या मानाने साडेतीनपट निघाले. मुलांना प्रशिक्षण देणाऱ्यांना हे माहीत हवं, यात मला शंका नाही, आणि जुना चामड्याचा चेंडू पावसात पाणी पिऊन किती जड व्हायचा हे आमच्या तीन-चार रेकॉर्डिंगमध्ये आलेलंच आहे. पण हबीबच्या नावाखाली ते लिहिलं की वाचणारा दोन्ही जोडणार, आणि त्याला आजार कशाने झाला हे सांगायचा अधिकार माझ्या फलकाला नाही. डॉक्टरांना म्हटलं, वेगळा कागद करा, मुलांच्या प्रशिक्षणाविषयीचा, मी छापून देते आणि वेगळा लावते. ते तयार झाले.

२४ सप्टेंबर, रविवार

कॉसमॉसच्या सामन्याचा दिवस. आरतीनंतर मंडपासमोर खुर्च्या टाकल्या आणि जुन्यांना बोलावलं. संध्याकाळी हांगझोला म्यानमारशी १-१ बरोबरी झाली, छेत्रीचा पेनल्टीचा गोल, आपण पुढच्या फेरीत. त्यामुळे सगळे उल्हसित होऊनच आले होते.

मामेभावाने कॉसमॉस सामन्याची माहिती सांगितली आणि चांगली सांगितली. पेलेच्या निरोपाच्या सामन्याला आठवडाच उरला होता. कॉसमॉसच्या संघात कार्लोस आल्बर्टो, किनालिया. मैदान पावसाने ओलं. मोहन बागानचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी, पेलेवर लक्ष ठेवायला गौतम सरकार. आपण पेलेला बघायला नाही, त्याच्याशी खेळायला उतरतोय, असा हबीबचा बाणा होता हे सगळेच सांगतात, म्हणून ते आमच्याकडे तपकिरीत आहे. मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं, आणि ते काळ्यात आहे. २८ सप्टेंबरला, म्हणजे चारच दिवसांनी, मोहन बागानच्या याच संघाने कलकत्त्याच्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला १-० ने हरवलं. त्या हंगामात ड्युरँड कप आणि आमचा रोव्हर्स कपही त्यांनीच नेला. पेलेशी खेळून झालं म्हणून कुणी आराम केला नाही.

नागपाड्याचे एक चाचा मुलाचा हात धरून आले होते. फलकावरची मराठी त्यांनी नातीकडून वाचून घेतली. मग म्हणाले, तुम्ही बँकवाल्या साहेबांचं लिहिलंत ते बरोबर, पण एक राहिलं. गॅलरीत ‘बडे मियाँ’ म्हणून ओरडलं की बाकीचे खेळाडू हात वर करायचे. हा कधी वर बघायचा नाही. सामना संपल्यावरही नाही. आम्हाला आधी राग यायचा. मग एकदा चाचांच्या लक्षात आलं की तो सहकाऱ्यावर ओरडतोय, चेंडू मिळवून परत जागेवर न गेल्याबद्दल, आणि संघ तेव्हा पुढे होता.

बँकवाले काका खुर्चीतून उठले आणि चाचांकडे गेले. दोघं आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते. काकांनी विचारलं, पुढे असताना? चाचा म्हणाले, दोन गोलांनी पुढे असताना. त्यावर काकांनी आपल्या मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाले की हे माझ्या अंगावर येत होतं, सत्तर की नव्वद मिनिटं, मला तर दोनशे वाटली. सगळे हसले. चाचांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं, आणि मग आमच्या कार्यक्रमपत्रिकेकडे कुणी लक्ष दिलं नाही. हिंदी-मराठीत, चहाचे तीन कप होईपर्यंत, कोण कुठल्या बाजूला बसायचं, पाऊस असला की कुठला कोपरा तुंबायचा, कुठला पंच घाबरायचा, असं चालू राहिलं. मामेभावाने रेकॉर्डर मध्ये ठेवून दिला आणि काही विचारलं नाही. हे या प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग आहे.

गोल हबीबचा की अकबरचा, हे भांडण आजही मिटलं नाही. उलट चाचा म्हणाले की तसे दोन गोल झाले होते, वेगवेगळ्या वर्षी. फलकावर तिसरं म्हणणं चिकटवलं.

१ ऑक्टोबर, रविवार

विसर्जन झालं, मंडप उतरला. सौदी अरेबियाने २-० ने हरवल्यामुळे एशियाडही आपल्यापुरतं संपलं.

फलक फेकायचे नाहीत हे ठरलेलं होतं. जवळच्या एका वाचनालयाने पहिला मजला दिला आहे, दिवाळीपर्यंत तिथे लागतील. बूट काकांना परत केले. पेटी मात्र त्यांनी ठेवून घेतली, बूट आता वर्तमानपत्रात गुंडाळणार नाहीत म्हणाले.

रेकॉर्डिंगच्या प्रती प्रत्येक घरी पोचवल्या, पेन ड्राइव्हवर. ज्या घरी ‘आज चांगले आहेत’ असं सांगितलं होतं, तिथे मुलीने प्रत घेतली आणि आम्ही असतानाच लावली. बाबांनी स्वतःचा आवाज ओळखला नाही, पण मध्ये ‘पास दे, पास दे’ म्हणाले. रेकॉर्डिंगमध्ये ते शब्द नाहीत. वहीत निळ्यात लिहून ठेवलं.

काम इथे थांबवायचं नाही असं तिघांचंही मत आहे. हबीबपासून सुरू झालं तरी आता कूपरेजचंच करायचं. माटुंग्याच्या रेल्वे वसाहतीत एक जण आहेत, १९८० चा ईस्ट बंगाल त्यांनी पाहिलाय, हबीब आणि माजिद एकत्र. त्या वर्षी रोव्हर्स कप पुन्हा वाटून गेला होता, ईस्ट बंगाल आणि मोहमेडनमध्ये. तेव्हा हबीब एकतीस वर्षांचा होता. येत्या शनिवारी वेळ दिली आहे. प्रश्नांचा कागद नव्याने लिहिला. गोलांचे प्रश्न काढून टाकले, आणि सगळ्यात वर घातलं: चेंडू गेल्यावर तो काय करायचा?